पाय मोडला त्यात माझी चूक नव्हती. बुडालेल्या शिलाईकामाची भरपाई कशी मागावी?

प्रश्न

माझे वय ३८ वर्षे आहे. कराडजवळच्या एका गावात मी गेली अकरा वर्षे घरीच ब्लाऊज शिवण्याचे आणि फॉल-पिकोचे काम करते. अडीच महिन्यांपूर्वी मी पतीच्या स्कूटरवर मागे बसून निघाले होते. महामार्गालगतच्या सेवारस्त्यावर वळण्यासाठी आम्ही इशारा देऊन थांबलो असताना मागून आलेल्या मालवाहू टेम्पोने आम्हाला धडक दिली. पतीला खरचटण्यावर निभावले, पण माझ्या उजव्या नडगीचे हाड दोन ठिकाणी मोडले. शस्त्रक्रिया करून आत रॉड घातला आहे आणि दवाखान्याचे बिल १ लाख ८४ हजार रुपये झाले. आता काठी घेऊन चालता येते, परंतु घोटा पूर्वीसारखा वाकत नाही. मशीनच्या पायडलवर पाय ठेवला की पाचव्या-सहाव्या टाक्यालाच कळ नडगीतून गुडघ्यापर्यंत चढते.

टेम्पोमालकाच्या ओळखीचे एक गृहस्थ दोनदा घरी येऊन गेले. ६० हजार रुपये घ्या, स्टॅम्प पेपरवर सही करा आणि प्रकरण मिटवा, असे त्यांचे म्हणणे आहे. तुम्ही हेल्मेट घातले नव्हते, त्यामुळे कोर्टात गेलात तरी निम्मेच पैसे मिळतील, असेही त्यांनी सांगितले. पोलिसांत टेम्पोचालकावर गुन्हा नोंद झाला आहे. पाय पूर्ण बरा झाल्यावर दावा करावा की आताच करावा? मी आयकर भरत नाही, माझ्याकडे पगाराची पावती नाही, मग माझी कमाई मी कशी सिद्ध करणार? कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर : अपघात दाव्यांचे काम करणारा वकील

ताई, सर्वप्रथम त्या स्टॅम्प पेपरवर सही करू नका. पाय बरा होईपर्यंत थांबण्याचा विचारही मनातून काढून टाका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली भरपाईचा अर्ज करण्यासाठी १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, परंतु त्याच्या भरवशावर आपण राहू नये. तुमचे अडीच महिने गेलेच आहेत. अर्ज आता दाखल करावा. अपंगत्वाचा दाखला उपचार संपल्यावर जोडता येतो. अपघात जिथे घडला किंवा तुम्ही जिथे राहता, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, त्यामुळे टेम्पो परजिल्ह्यातला असला तरी तिकडे खेटे घालावे लागणार नाहीत. टेम्पोचा चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही सामनेवाले करावे.

हेल्मेटबद्दल तुम्हाला घाबरवले आहे. हेल्मेट नव्हते म्हणून नडगी मोडली, असे कोणी म्हणू शकणार नाही. दुचाकीवर तिघे बसले होते एवढ्याच कारणावरून जखमींचा निष्काळजीपणा ठरत नाही, त्या गोष्टीचा अपघाताशी किंवा इजेशी संबंध दाखवावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटले आहे. तोच न्याय इथेही लागू पडतो.

आता मुख्य मुद्दा. भरपाई हाडाची मिळत नाही, त्या हाडावाचून तुमचे जे काम अडले त्याची मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात दिलेले उदाहरण मी प्रत्येक अशिलाला सांगतो. डावा हात कापावा लागलेला माणूस सुतार किंवा वाहनचालक असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते. तोच माणूस सरकारी कारकून असेल तर त्याची नोकरी टिकू शकते. शारीरिक अपंगत्व सारखेच असले तरी कमाईवरचा परिणाम असा वेगळा असतो. तुमच्या दाखल्यावर, समजा, २२ टक्के लिहिले गेले, तर विमा कंपनी तोच आकडा धरू पाहील. उजव्या पायाने मशीन चालवणाऱ्या बाईची कमाई ४० टक्क्यांनी घटली, हे आपल्याला पुराव्याने दाखवावे लागेल. मासिक उत्पन्न १२ हजार रुपये धरले, तर वर्षाचे १ लाख ४४ हजार होतात. चाळिशीच्या आतील स्वयंरोजगार असलेल्या व्यक्तीसाठी भविष्यातील वाढीचे ४० टक्के त्यात मिळवतात, म्हणजे २ लाख १ हजार ६०० रुपये झाले. तुमच्या वयाला १५ चा गुणक लागतो, म्हणजे ही वर्षाची रक्कम १५ ने गुणून तिच्यावर कमाईतील घटीचे टक्के काढतात. २२ टक्क्यांनी हिशेब केला तर ६ लाख ६५ हजार २८० रुपये येतात आणि ४० टक्क्यांनी १२ लाख ९ हजार ६०० रुपये. औषधोपचार, उपचाराच्या काळात बुडालेली कमाई, रॉड काढण्याचा पुढचा खर्च, वेदना, सोबतीला राहिलेल्या माणसाचा खर्च, हे सारे याशिवाय मागावे. निकालात रक्कम किती ठरेल ते आज कोणीही सांगू शकत नाही, पण ६० हजारांवर सही करणे किती महागात पडेल हे या हिशेबावरून लक्षात येईल.

आणखी एक सावधगिरी बाळगा. कलम १६४ नुसार चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. मात्र विमा कंपनीकडून ती रक्कम तडजोड म्हणून स्वीकारली, तर कलम १६६ खालचा अर्ज संपुष्टात येतो. कंपनीकडून असा प्रस्ताव आला तर सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मिळेल त्या रकमेतले तीस टक्के मागणाऱ्या मध्यस्थांना दारात उभे करू नका.

उत्तर : खांद्याच्या दुखापतीचा दावा लढलेला रिक्षाचालक

वकीलसाहेबांनी सांगितले ते सर्व योग्य आहे. मी माझ्या चुका तेवढ्या सांगतो. पहिली चूक म्हणजे औषधांची मूळ बिले मी समोरच्या माणसाच्या हाती दिली. ‘साहेबांना दाखवून आणतो’ म्हणून तो घेऊन गेला आणि ती बिले परत आलीच नाहीत. छायाप्रतींवर न्यायालयात वाद झाला आणि काही रक्कम त्यातच गेली. दुसरी चूक अधिक जड पडली. माझ्या अपंगत्वाचा दाखला ज्या डॉक्टरांनी दिला, त्यांची साक्ष आम्ही घेतलीच नाही. उलटतपासणीत मला विचारले की हात खांद्याच्या वर जात नाही असे तुम्ही म्हणता, पण रिक्षाचे हँडल तर खांद्याच्या खालीच असते ना? याचे उत्तर डॉक्टरांनी द्यायला हवे होते, मला ते देता आले नाही. ताई, तुम्हालाही हमखास विचारतील की मशीनला मोटार बसवा आणि डाव्या पायाने चालवा. याचे उत्तर डॉक्टरांकडून आणि तुमच्याकडून आधीच तयार असू द्या.

कमाईच्या पुराव्याबद्दल सांगायचे तर, तुमच्याकडे मापांची वही असणारच.

प्रश्नकर्ती

आपण दोघांनी एवढे सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. वही आहे; सहा वर्षांच्या चार वह्या आहेत. प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाचे नाव, छाती-कंबर-बाहीची मापे, ब्लाऊजच्या कापडाची एक चिंधी टाचणीने लावलेली, द्यायची तारीख आणि खाली शिलाई व आगाऊ घेतलेले पैसे लिहिलेले आहेत. शेवटची नोंद अपघाताच्या आदल्या दिवशीची आहे. त्यानंतरची पाने कोरी आहेत. याला पुरावा म्हणून किंमत असते का? आणि दुसरे असे की माझे पती स्कूटर चालवत होते. विमा कंपनी त्यांचीच चूक होती असे म्हणाली तर माझा दावा कमी होईल का?

उत्तर : अपघात दाव्यांचे काम करणारा वकील

वह्यांना निश्चित किंमत आहे, आणि कोऱ्या पानांनाही आहे. वह्या जशा आहेत तशाच ठेवा. त्यांत आता एकही अक्षर नव्याने लिहू नका, खोडू नका, चिंध्या काढू नका. त्यांतल्या नोंदींतील दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांना साक्षीसाठी तयार करा, आणि शिलाईचे पैसे मोबाईलवर येत असतील तर बँकेचा उतारा काढा. काहीच पुरावा नसला तर न्यायाधिकरण सहसा किमान वेतनाचा आधार घेते, म्हणून तेवढ्यावर समाधान मानू नये.

पतीच्या बाबतीत चिंता करू नका. तुम्ही मागे बसलेल्या होता, वाहन तुमच्या हाती नव्हते, त्यामुळे चालकाची चूक तुमच्या नावावर मांडता येत नाही. दोन्ही वाहनचालकांची चूक ठरली तरी तुम्ही पूर्ण रक्कम त्यांच्यापैकी कोणाकडूनही मागू शकता. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली हे स्पष्ट केले आहे. मात्र या आठवड्यात पोलीस ठाण्यातून फिर्याद, घटनास्थळ पंचनामा आणि तुमचा जबाब यांच्या नकला घ्या आणि पंचनाम्यात स्कूटर ‘थांबलेली’ लिहिली आहे की ‘वळत असलेली’, हे स्वतः वाचून पाहा. ‘वळत असलेली’ असे लिहिले असेल, तर दोषारोपपत्र जाण्यापूर्वी तपासी अंमलदारांकडे लेखी अर्ज देऊन पुरवणी जबाब नोंदवून घ्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.