ऑफिससाठी रोजचा हलका मेकअप, मदत हवी आहे

मैत्रिणींनो, कोल्हापुरात शाहूपुरीत नवी नोकरी लागलीय. रंकाळ्याकडून रोज स्कूटीनं जाते, वर हेल्मेट. रंग गव्हाळ, त्वचा तेलकट. कुठलंही फाउंडेशन तासाभरात राखाडी दिसतं. आई म्हणते, "गिरणीतनं आलीस काय गं?" शेड जबड्याच्या कडेला लावून दिवसाच्या उजेडात बघायची, हे माहितेय. पण फाउंडेशन सोडूनच दिलं तर? सनस्क्रीन, डोळ्यांखाली बोटानं थापलेलं जरासं कन्सीलर आणि नाक-कपाळावर कॉम्पॅक्ट, एवढं पुरेल ना?

खरी डोकेदुखी काजळाची. दुपारपर्यंत खाली पसरतंच. त्याऐवजी वरच्या पापण्यांच्या मुळाशी तपकिरी पेन्सिल फिरवली तर टिकेल, की वॉटरप्रूफ मस्काराच बरा? चष्मा आहे, तेही धरा. लिपस्टिक सुचवू नका, ती जमते. महाद्वार रोड किंवा राजारामपुरीत मिळेल असंच सांगा. लग्नातला थाट नकोय.