प्रतिसाद: घाटातल्या टाइम ट्रायलमध्ये अर्ध्यावर दम का संपतो

वर विचारलंय, टाइम ट्रायलमध्ये (एकट्याने वेळेविरुद्ध सायकल चालवायची शर्यत) घाटात अर्ध्यावर दम का संपतो आणि पुण्याजवळच्या बोपदेवसारख्या घाटात एअरो बार (हँडलवर पुढे वाकून धरायचे, हवेचा विरोध कमी करणारे दांडे) लावावा का. चढावर नको. सायकलसह तुमचं ८० किलो वजन, ८ टक्के चढ आणि ताशी १२ किमी वेग धरला तर साधारण २३० वॅट लागतात. त्यातले २०८ निव्वळ गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यात जातात, हवेला जेमतेम ८. उतारावर बारवर हात असले की ब्रेक लांब राहतात, ते वेगळंच.

दम संपण्यामागे खरी चूक गिअरची दिसते. ३४ दात्यांच्या चेनरिंगला (पेडलजवळची दातेरी चकती) मागे २८ दात्यांची चकती असेल तर ७० केडन्सला (मिनिटाला पेडलचे ७० फेरे) ताशी १०.७ किमी वेग होतो. त्याखाली गेलात की केडन्स पडतो, मांड्या भरून येतात. सर्वात मोठी चकती ३२ दात्यांची असलेली कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) लावा, तोच केडन्स ताशी ९.४ किमीलाही टिकतो. मात्र आधी मागच्या डिरेलरची (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) क्षमता तपासा आणि चेनची लांबी नव्याने मोजा. चेन आखूड राहिली तर पुढची आणि मागची सर्वात मोठी चकती जोडीला आली की डिरेलरच मोडतो.

पहिली तीन मिनिटं मुद्दाम हात राखून चालवा, पाय ताजे असल्याने तिथेच सगळे फसतात. जोर सर्वात तीव्र चढावर थोडा वाढवा, उतारावर कमी करा. पुढची रिंग चढ सुरू होण्याआधीच बदला. जोर लावून बदललीत तर चेन पडू शकते.