पाचट कुजवायला जिवाणू टाकले आणि खोडवाच पिवळा पडला

कृष्णाकाठचा ऊसवाला
नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यात पाऊण एकर खोडवा आहे, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस. फेब्रुवारीत तोड झाली. यंदा पहिल्यांदाच पाचट, म्हणजे तोडीनंतर रानात राहिलेला वाळका पाला, पेटवलं नाही. कुट्टी करून सरीत दाबलं, जिवाणू कल्चर शेणकाल्यात कालवून शिंपडलं, पाणी सोडलं. रासायनिक काही टाकायचं नाही असं ठरवलं होतं. आज चाळीस दिवस झाले, फुटवे पिवळट दिसतात. शेजारच्या जाळलेल्या रानात ऊस हिरवागार आहे. वडील रोज बांधावर जाऊन बघून येतात आणि काही बोलत नाहीत. जिवाणूंनी मुळं तर खाल्ली नाहीत ना?

शिरोळची माती
दादा, मुळं शाबूत असणार. जिवाणूंनी खाल्लंय ते उसाच्या वाटणीचं नत्र (नायट्रोजन).

मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पाचटात मुख्यतः सेल्युलोज आणि लिग्निन. जिवाणूला तोंड नसतं, एवढी लांब साखळी त्याच्या आत शिरतच नाही. म्हणून तो एन्झाइम अंगाबाहेर सोडतो, साखळी बाहेरच तुटते आणि सुटलेलं ग्लुकोज पेशीच्या पडद्यातून आत ओढलं जातं. बुरशाही असंच जेवतात. पण ग्लुकोजमध्ये नत्राचा कणही नसतो, आणि नवी पेशी उभी करायची तर प्रथिनांना नत्र लागतं, डीएनएला स्फुरदही (फॉस्फरस).

आता हिशेब बघा. 100 किलो कर्ब (कार्बन) खाल्ला तर साधारण 65 किलो श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, 35 किलो अंगी लागतो. जिवाणूच्या अंगात आठ भाग कर्बाला एक भाग नत्र, म्हणजे चार किलोच्या वर नत्र हवं. पाचट तेवढ्या कर्बाबरोबर देतं सव्वा-दीड किलो. उरलेलं ते मातीतून उचलतात, आणि मुळांपेक्षा फार चपळाईने.

एम.एस्सी.ला असताना आम्ही नळ्यांत क्षारांचं पाणी, फिल्टर पेपरची पट्टी (तीही सेल्युलोजचीच) आणि चिमूटभर माती घातली होती. नत्र घातलेल्या नळीत पट्टी काही आठवड्यांत पाण्याच्या रेषेवर लिबलिबीत होऊन तुटली. बिननत्राच्या नळीत ती जशीच्या तशी. पुढ्यात ताट वाढलेलं, पण जेवता येईना! ती पट्टी मी अजून विसरलेले नाही.

शिफारस टनभर पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कल्चर अशी आहे. तुमच्याकडे अडीच-तीन टन पाचट असेल, तर 20 ते 24 किलो युरिया पाचटावर टाका आणि पाणी द्या. कल्चरमध्ये मात्र तो कधीच कालवू नका. पेंडही चालेल, पण तिच्यातली प्रथिनं आधी फुटावी लागतात, उशीर होतो. गेलेलं नत्र बुडत नाही. जिवाणू मरतात, त्यांना खाणारे आदिजीव (प्रोटोझोआ) अमोनियम बाहेर टाकतात, आणि ते उसाला मिळतं.

चुनखडीवाला
ताईंचं बरोबर आहे, पण आधी पानं बघा. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्र कमी. शेंड्याची कोवळी पानं पांढरट आणि शिरा हिरव्या असतील तर तो लोहाच्या कमतरतेचा केवडा, खोडव्यात तोही येतो. त्याला युरियाचा उपयोग नाही.

कृष्णाकाठचा ऊसवाला
आत्ताच रानातून आलो. खालचीच पानं पिवळी आहेत, शेंडा बरा आहे. पाचट उकरलं तर खाली पांढरी जाळी धरलीय आणि मातीला पावसाळ्यातला वास येतोय. वडिलांना ते हातात घेऊन दाखवलं. उद्या सकाळी दोघं मिळून युरिया टाकतो.