पहिली क्लिनिकल पोस्टिंग: वॉर्डात नेमकं कसं वागायचं?

पांढरा_एप्रन
सोमवारपासून आम्हा नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची मेडिकल वॉर्डात पोस्टिंग सुरू होते आहे. बीपी, टीपीआर (ताप, नाडी आणि श्वास मोजणं), बेडमेकिंग, इंजेक्शन हे सगळं लॅबमध्ये पुतळ्यावर करून झालंय. वेळेवर या, केस बांधा, नखं कापा, फोन बॅगेत ठेवा, ही यादीही मिळाली आहे. मला पडलेले प्रश्न त्या यादीत नाहीत. सिस्टर घाईत असतील तर शंका कधी विचारायची? न येणारं काम सांगितलं तर नाही कसं म्हणायचं? चूक झाली तर आधी कुणाला सांगायचं? आणि हाताला काम नसेल तेव्हा उभं तरी कुठे राहायचं?

हँडओव्हर
शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्या दिवशी तोच जास्त छळतो. नर्सिंग स्टेशनच्या काउंटरला टेकून घोळका करू नका. फोन तिथेच वाजतो, फायली तिथेच शोधल्या जातात, औषधांची ट्रॉली तिथूनच निघते, आणि चार विद्यार्थी मध्ये उभे असले की सगळ्यांनाच अडचण होते. मोकळा वेळ आपल्याला दिलेल्या रुग्णाच्या खाटेपाशी घालवा. बघण्यासारखं तिथे कायम काहीतरी असतं. बेल हाताला लागते का? चाकं लॉक आहेत का? काम झाल्यावर खाट पुन्हा खाली आणली का? सलाईनच्या सुईभोवती लाली किंवा सूज आहे का? लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली आहे, की चादर बदलताना कुणी उचलून गादीवर ठेवली आणि तशीच राहिली? पिशवी वर गेली की लघवी नळीतून उलटी जाते आणि जंतूही त्याच वाटेने आत शिरतात. ती जमिनीलाही टेकू द्यायची नाही.

हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्यांना देतात त्याला, दहा मिनिटं आधी पोहोचा. खिशातल्या वहीत प्रत्येक रुग्णासाठी चारच गोष्टी लिहा: निदान, ॲलर्जी, आज काय राहिलंय, कशावर नजर ठेवायची. वहीत नाव लिहू नका, खाट क्रमांक पुरे. वही बाहेर कुठे विसरली तरी कुणाचा आजार चव्हाट्यावर येणार नाही.

शंकांचं म्हणाल तर, थांबू शकणाऱ्या शंका वहीत साठवा आणि काम हलकं झालं की एकदम विचारा. सिस्टर औषध मोजत किंवा सिरिंजमध्ये ओढत असतील तेव्हा मात्र अवाक्षर काढू नका. त्यांचं लक्ष मोडलं तर भोगायचं रुग्णाला.

शार्प्सचा_डबा
वर खाट क्रमांकाबद्दल सांगितलंय ते वहीपुरतंच. औषध देताना खाट क्रमांकावर भरवसा ठेवायचा नाही, कारण रुग्णांच्या खाटा बदलतात. ‘तुम्हीच अमुक काका ना?’ असं विचारलं की कमी ऐकू येणारा माणूस, गुंगीतला माणूस, सगळेच मान डोलावतात. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असं विचारायचं आणि उत्तर हातातल्या पट्टीशी, फाईलशी ताडून पाहायचं. नाव आणि जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक, अशा दोन खुणा जुळल्याच पाहिजेत.

नाही म्हणायचं वाक्य घरूनच तयार करून आणा: ‘सिस्टर, हे मी लॅबमध्ये केलंय, रुग्णावर केलेलं नाही. तुम्ही शेजारी थांबलात तर करते.’ यात कामाला नकारही नाही आणि खोटा आत्मविश्वासही नाही. घोळ होतो तो ‘जमेल ना?’ला सवयीने ‘हो’ म्हटल्यामुळे. सिस्टर निर्धास्त होऊन पुढच्या खाटेकडे जातात आणि विद्यार्थी एकटा उरतो. काही कामं तर कितीही आग्रह झाला तरी एकट्याने करायची नाहीत: शिरेतून औषध देणं, इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध), रक्त चढवणं. पोटॅशियम क्लोराईडची कुपी तर हातातच घेऊ नका. ते पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं.

इन्सुलिनबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण चूक डोळ्यांना दिसत नाही. काही ठिकाणी 1 मिलीमध्ये 40 युनिटच्या आणि 100 युनिटच्या अशा दोन्ही कुप्या वापरात असतात. सिरिंज कुपीच्याच खुणांची हवी. 40च्या सिरिंजने 100च्या कुपीतून 10च्या खुणेपर्यंत ओढलं, तर आत 0.25 मिली, म्हणजे 25 युनिट आलेले असतात. अडीचपट! म्हणून लेबल आणि सिरिंज शेजारी धरून दोघांनी मोठ्याने वाचायचं.

सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने वाहत्या नळाखाली धुवा. रक्त काढायला पिळू नका, ब्लीच लावू नका. लगेच इन्चार्ज सिस्टरला आणि तुमच्या ट्यूटरना सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकं चांगलं. 72 तास उलटले की ती सुरू करण्यात अर्थ उरत नाही. ‘ओरडा बसेल’ म्हणून ड्युटी संपेपर्यंत गप्प राहणं यात सगळ्यात महागात पडतं. वापरलेल्या सुईला टोपण घालायचं नाही, आणि वापरलेल्या सुया टाकायचा डबा (शार्प्सचा डबा) तीन-चतुर्थांश भरला की त्यात आणखी सुया कोंबायच्या नाहीत. हेपटायटिस-बीचे तिन्ही डोस झालेत ना, तेही सोमवारच्या आत बघून घ्या.

एक_मिनिट
माझी तक्रार एकाच रकान्याबद्दल आहे. कुठल्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट उघडा. श्वासाच्या रकान्यात 20, 20, 20, 20. तापलेला असो की झोपलेला, सगळे एकाच लयीत श्वास घेतायत! मोजायचा कंटाळा, दुसरं काही नाही. प्रकृती ढासळायला लागली की बऱ्याचदा श्वासच आधी वाढतो, बीपी नंतर पडतं. म्हणजे ज्या आकड्याने आधी सावध करायचं, तोच आपण कल्पनेने भरतो.

पद्धत सोपी आहे. नाडी मोजून झाली तरी मनगटावरची बोटं उचलू नका. रुग्णाला वाटतं नाडीच चालू आहे. तेवढ्यात छातीकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. ‘आता श्वास मोजते हं’ म्हटलं की माणूस लगेच वेगळा श्वास घ्यायला लागतो. नाडी अनियमित लागली तर तीही पूर्ण मिनिटभर मोजा, 15 सेकंदांना चारने गुणू नका.

बीपी घेताना रुग्ण पाच मिनिटं शांत बसलेला, पाठीला टेका, पाय एकमेकांवर नाहीत, दंड हृदयाच्या पातळीवर. दंडाला गुंडाळायचा पट्टा (कफ) लहान पडला तर आकडा खोटाच वाढलेला येतो. हवा सेकंदाला साधारण 2 मिमी या वेगाने सोडा. आणि ऐकू आलं नाही तर ‘ऐकू आलं नाही’ म्हणा. मागच्या वेळचा आकडा बघून जवळपासचा लिहिणं ही सरळ खोटी नोंद आहे.

पांढरा_एप्रन
खूप आभार. आणखी एक. आकडा बिघडलेला वाटला आणि सिस्टर दुसऱ्या रुग्णात गुंतलेल्या असतील तर? उगाच घाबरवलं असं नको वाटायला.

हँडओव्हर
अशा वेळी मध्ये बोलायचंच. औषध ओढत असल्या तरीही. फक्त ‘सिस्टर, जरा बघता का’ असं मोघम म्हणू नका, त्यातून घाई किती आहे ते कळत नाही. कोण, काय झालंय, आधी कसं होतं, तुम्हाला काय हवंय, या क्रमाने सांगा: ‘सिस्टर, खाट सातच्या आजी. श्वास 30, सकाळी 18 होता. हाका मारल्या तर उशिरा ओ देतायत. आत्ता येऊन बघा.’ दहा सेकंदही लागत नाहीत. लघवीचंही तसंच. 60 किलोच्या माणसाला तासाला 30 मिलीपेक्षा कमी होत असेल तर शिफ्टअखेरीच्या बेरजेची वाट बघू नका. बघून काही निघालं नाही, तरी कुणी शहाणी सिस्टर त्यासाठी रागावत नाही.

शार्प्सचा_डबा
ग्लोव्ह्जबद्दल कुणी बोललंच नाही. एकाच जोडीने तीन रुग्ण आणि मध्ये फाईल, हे नेहमी दिसतं. ग्लोव्ह्ज काढल्यावरही हात स्वच्छ करायचेच: सॅनिटायझरने 20 ते 30 सेकंद, साबण-पाण्याने 40 ते 60. क्लॉस्ट्रिडियम डिफिसील या जंतूचे जुलाब असलेल्या रुग्णापाशी सॅनिटायझर कामाचं नाही, तिथे साबणच.

आणि नोंद चुकली तर त्यावर व्हाइटनर नको, गिरवागिरवी नको. एकच आडवी रेघ मारा, जुनं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही, तारीख, वेळ, मग बरोबर नोंद. दोनचा टीपीआर दीड वाजता भरून ठेवायचा नाही, कितीही घाई असली तरी.