मदत हवी आहे: वेल्समध्ये वयाच्या १६ वर्षांनंतर वेल्श भाषा शिकण्यासाठी अर्थसाहाय्य

नमस्कार मंडळी,

आम्ही गेली दहा वर्षे वेल्समध्ये, कार्मार्थनजवळ राहतो. माझी मुलगी १७ वर्षांची असून येथील एका कॉलेजात आरोग्य आणि सामाजिक देखभाल हा अभ्यासक्रम करते. इथे शाळेत वेल्श १६ वर्षांपर्यंत सक्तीची असल्यामुळे, इंग्रजी माध्यमात शिकूनही ती बेताची वेल्श बोलू लागली होती. परंतु शाळा सुटली आणि वेल्शही सुटली. पुरेसे विद्यार्थी नसल्याने यंदा वेल्शचा स्वतंत्र गट सुरू करता येणार नाही, असे कॉलेजकडून आम्हांला कळवण्यात आले.

मागच्या सत्रात ती प्रत्यक्ष अनुभवासाठी एका केअर होममध्ये जात असे. तिथे स्मृतिभ्रंश झालेल्या एक आजी आहेत. आयुष्यभर त्या दोन्ही भाषा बोलत आल्या, पण आता त्यांच्याजवळ फक्त वेल्श उरली आहे. मुलीने त्यांना 'पानेद?' म्हणजे 'चहा घेणार का?' एवढे विचारले, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला आणि त्या बराच वेळ बोलत राहिल्या. त्यातले जवळजवळ काहीच तिला कळले नाही. घरी येऊन ती म्हणाली, "आई, त्या मला काहीतरी सांगत होत्या गं." तेव्हापासून तिला ही भाषा नीट शिकायची आहे, आणि आई म्हणून मलाही ते मनापासून हवे आहे.

मी शोधले तेवढे सांगते. २०११ मध्ये स्थापन झालेली कोलेग कम्राइग ही संस्था विद्यापीठांतील आणि आता कॉलेजांतीलही वेल्श माध्यमाच्या शिक्षणाला अनुदान देते. पदवीसाठी वर्षाला किमान ४० श्रेयांक वेल्शमधून घेणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांची प्रोत्साहन शिष्यवृत्ती मिळू शकते. परंतु हा पैसा वेल्शमधून शिकणाऱ्यांसाठी आहे. वेल्श शिकणाऱ्यांसाठी नव्हे. माझी मुलगी ना धड नवशिकी, ना वेल्शमधून शरीरशास्त्राचा पेपर लिहू शकणारी. २०५० पर्यंत दहा लाख वेल्शभाषक घडवण्याचे सरकारचे ध्येय आहे, आणि २०११ ते २०२१ या काळात ही संख्या ५ लाख ६२ हजारांवरून ५ लाख ३८ हजारांवर आली. अशा वेळी शाळेने अर्ध्यावर आणून सोडलेली ही मुलेच सर्वांत आधी हाताशी धरायला हवीत, असे मला वाटते.

तिच्यासारखीला कॉलेज सांभाळून विनाशुल्क शिकता येईल असा मार्ग आहे का? आणि मी स्वतः ४४ वर्षांची, एका दुकानात अर्धवेळ काम करणारी. तिच्याबरोबर शिकायचे झाल्यास मला काही सवलत मिळेल का?

प्रतिसाद १

ताई, मुलीचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. प्रौढांना वेल्श शिकवणाऱ्या राष्ट्रीय केंद्राचे, म्हणजे 'दस्गी कम्राइग'चे वर्ग सप्टेंबर २०२२ पासून १६ ते २५ वयाच्या सर्वांना मोफत आहेत, आणि ऑनलाइन वर्ग संध्याकाळीही असतात. तिने पहिल्या पायरीपासून मुळीच सुरू करू नये. शाळेत झालेले पुन्हा गिरवावे लागले, तर मुले कंटाळून सोडून देतात. केंद्राकडून पातळी तपासून घेऊन मगच नाव नोंदवा.

कॉलेजचा विषयही सोडू नका. कॉलेजांना मुख्य निधी ऑगस्ट २०२४ पासून 'मेदर' हा आयोग देतो आणि वेल्श माध्यमाच्या शिक्षणाला चालना देणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. शिवाय आरोग्य व देखभाल हे क्षेत्र कोलेग कम्राइगच्या प्राधान्ययादीत आहे. त्यामुळे स्वतंत्र गट जमला नाही, तरी तिच्याच अभ्यासक्रमातला एखादा घटक द्वैभाषिक पद्धतीने करता येईल का, हे लेखी विचारा. लेखी विचारलेली मागणी नोंदीत राहते, आणि पुढच्या वर्षी गट सुरू करायचा की नाही हे ठरवताना तीच दाखवता येते.

तुमच्यासाठी: वर्गांना शुल्क आहे, पण अडचण असलेल्या शिकणाऱ्यांना शुल्क, प्रवास आणि मुलांची देखभाल यांसाठी साहाय्य देणारा निधी केंद्राकडे आहे. त्याखेरीज नोकरदारांसाठी दहा तासांचे मोफत ऑनलाइन प्राथमिक अभ्यासक्रम आहेत. त्यांपासून आजच सुरुवात करता येईल.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. लेखी मागणीचे मला सुचलेच नव्हते. ते पत्र मुलगी स्वतः, जमेल तेवढ्या वेल्शमध्ये लिहिणार आहे. ज्यांनी कॉलेजात असा द्वैभाषिक घटक प्रत्यक्ष केला आहे, त्यांनी परीक्षा कोणत्या भाषेत द्यावी लागली, एवढे कृपया सांगावे.