जत्रेचं मैदान माती सोडून गादीवर न्यायचं का?

तासगावकर:
राम राम मंडळी. आमच्या जत्रेला निकाली, म्हणजे चितपट होईपर्यंतच्या कुस्त्यांचं मैदान असतंय, बारक्या पोरांच्या रेवडीच्या कुस्त्यांपासून ते एक नंबरच्या जोडीपर्यंत. यंदा कमिटीतली तरणी पोरं म्हणत्यात गादी (मॅट) टाकू, वजनगट करू, लीगसारख्या टीम विकू, युट्यूबवर लाइव्ह आणि पुण्याचे स्पॉन्सर आणू, कारण एक जोड अर्धा तास अडकली की बाहेरचा माणूस बघत बसत नाही. वस्ताद माती सोडायला अजिबात तयार नाहीत. तुमच्याकडं काय केलं?

कराडचा_गडी:
गादी टाकाच. आमच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतच घडले, पण १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकात ब्राँझ मिळवलं ते गादीवर. आता गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन राउंड, मध्ये ३० सेकंद विश्रांती, एवढ्यात पॉइंट काढायचे असतात आणि आपला मातीतला पोरगा दम राखत, समोरच्याची ताकद अजमावत बसतो, तोवर कुस्ती संपलेली असते. लंगोटाची लांग धरून डाव मारायची सवय लागलेली, तिकडं कॉस्च्युम धरला की पंच अडवतो. ही सवय लहानपणीच मोडली पाहिजे.

विटेकर_पैलवान:
दादा, सराव गादीवर करा की, कोण नाही म्हणतंय, पण मैदानाला हात लावू नका. तालमीत पोरगं ठेवायचं म्हणजे दूध, तूप, बदाम, आणि बाप शेतकरी. तो खुराक उन्हाळ्यातल्या जत्रांच्या इनामावर चालतोय. लीगमध्ये निवडक पोरांना पैसा मिळेल, बाकीच्यांनी जायचं कुठं? आमच्याकडं वस्ताद दोन पोरं शेजारी उभी करून अंग बघत्यात, जोड लावत्यात, मग दोघांचे हात धरून आखाड्याला फेरी, हलगी कडाडती आणि कुणीतरी खिशातली नोट काढून बक्षीस लावतो. नाव नसलेल्या पोराला तिथंच पहिली कमाई होती, ती वजनगटाच्या तक्त्यात कशी बसवणार? आणि लाइव्ह तर मातीतलीपण करता येती.

मिरजवाली:
बाहेरचं मार्केट शोधताय पण गावातल्या पोरी कुणाला दिसत नाहीत. २०२३ ला पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा मारली. माझी भाची तालमीत जाती, जत्रेत मात्र तिला जोडच लावत नाहीत. पोरींच्या कुस्त्या ठेवा, मग बघा घरच्या बायका मैदानाला येतात का नाही. आणि माती का गादी हे भांडण कशाला? महाराष्ट्र केसरीत दोन्ही विभाग आहेतच की, दोन्हीकडचे विजेते गदेसाठी भिडतात.

तासगावकर:
विटेकर, इनामाचं बोललात ते लई पटलं. ताई, तुमचंपण. कमिटीपुढं असं मांडतो की मैदान मातीतच राहील, सगळ्या जोडी लागतील, आणि आदल्या दिवशी शाळेच्या पटांगणात गादीवर पोरा-पोरींच्या वजनगटाच्या कुस्त्या घेऊ, स्पॉन्सर तिथं लावू. आता सांगा, सांगलीच्या आसपास गादी भाड्यानं कुठं मिळती आणि पोरींची जोड लावायला कुणी जाणत्या वस्ताद बाई आहेत का?