मदत हवी आहे: कयाकवरच्या फिशफाइंडरला बॅटरी कोणती लावू?

वल्हेवाला:

मंडळी, नमस्कार. जाणकारांनी जरा हात द्यावा.

दोन हंगाम झाले, दहा फुटी कयाकवर (अरुंद, वल्ह्याची होडी) पाच इंची फिशफाइंडर वापरतोय, म्हणजे सोनारने (ध्वनिलहरींनी) खालचे मासे आणि तळ पडद्यावर दाखवणारं यंत्र. यंत्र उत्तम आहे, रडगाणं आहे ते बॅटरीचं. यूपीएसमध्ये असते तीच, १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) सीलबंद लेड-अ‍ॅसिड. पहिल्या वर्षी पहाटे पाण्यात उतरलो की दुपारी काठाला लागेपर्यंत तिच्याकडे बघावं लागत नव्हतं. आता तीन तास झाले की तिला धाप लागते.

परवा तर कहर झाला. एका बुडालेल्या झाडावर होतो. तळ १८ फुटांवर, फांद्यांच्या किंचित वर तीन छान जाड कमानी (पडद्यावर मासा कमानीसारखा दिसतो). हलक्या हाताने गळ खाली सोडला, मान वळवून पाहतो तर पडद्यावर कंपनीचा लोगो! यंत्र आपोआप बंद होऊन परत सुरू होत होतं. असं तीनदा झालं, चौथ्यांदा उठलंच नाही. घरी येऊन बॅटरीला मल्टीमीटर लावला तर १२.४ व्होल्ट. बॅटरी म्हणते मी ठणठणीत, यंत्र म्हणतं मी उपाशी. खरं कोणाचं मानू?

आता नवीन घ्यायची म्हटलं तर डोक्यात नुसता गोंधळ. एक मित्र म्हणतो १२ एएचची लेड-अ‍ॅसिडच घे, पण ती चार किलोच्या आसपास जाते आणि कयाक मी गाडीपासून पाण्यापर्यंत एकटा ओढत नेतो. दुसऱ्याकडे मोटरसायकलची बॅटरी पडून आहे, ती फुकट मिळतेय. तिसरा म्हणतो सरळ २० एएचची लिथियम घे आणि विषय संपव. लिथियमची मला खरं तर भीती वाटते. बुडाखाली पाणी आणि मांडीजवळ आग, असं नको. पॉवर बँकवर चालेल का हाही एक प्रश्न.

यंत्राच्या पुस्तिकेत १० ते १७ व्होल्ट आणि जास्तीत जास्त १ अँपिअर असं लिहिलंय. गेलो की साधारण सहा-सात तास पाण्यात असतो. आगाऊ धन्यवाद.

पाणकावळा:

बॅटरी नंतर बघू. आधी तुमचं यंत्र खरोखर किती खातं ते मोजा. पुस्तिकेतला १ अँपिअर हा कमाल आकडा असतो, त्यावर हिशोब केलात तर उगाच धोंडा वाहाल.

मल्टीमीटर हाताशी आहेच. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, बॅटरीची प्लसची जोडणी सोडवा आणि मीटर मध्ये घ्या, म्हणजे सगळा करंट मीटरमधून जाईल. ब्राइटनेस पूर्ण ठेवून एकदा, निम्मा ठेवून एकदा. ट्रान्सड्युसर (यंत्राचा पाण्यात ध्वनिलहरी सोडणारा भाग) बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा. आणि काम झाल्यावर लाल वायर आठवणीने परत व्होल्टच्या भोकात. ती तशीच राहिली आणि तुम्ही व्होल्ट बघायला बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावलीत की थेट शॉर्ट. मी ते करून बसलोय, मीटरचा फ्यूज ठार.

१२.४ वर जाऊ नका. लोड, म्हणजे जोडलेलं यंत्र, काढला की दमलेली बॅटरीसुद्धा तासाभरात बऱ्यापैकी वर येते. जिना चढून आलेल्या माणसाला खुर्चीत बसवून नाडी मोजण्यासारखं आहे ते. यंत्र चालू असताना किती व्होल्ट दिसतात ते सांगा.

वल्हेवाला:

मोजलं. पूर्ण ब्राइटनेसला ०.६२ अँपिअर, निम्म्याला ०.४४. म्हणजे पुस्तिकेच्या निम्मंच! सोनार थांबवून पाहिलं तर आकडा जेमतेम हलला, सगळी खादाडी पडद्याच्या दिव्याची आहे.

बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून यंत्र चालू ठेवलं. सुरुवातीला १२.३, तासाभरात ११.७, अडीच तासांनी ११ च्या खाली. बंद केलं आणि चहा पिऊन आलो तर परत १२.१ दाखवतेय लबाड.

पाणकावळा:

आता बोलता येईल. उन्हात ब्राइटनेस वर, ढग आले की खाली, असं धरून सरासरी अर्धा अँपिअर. गुणिले सात तास, साडेतीन एएच. एवढीच तुमची एका दिवसाची भूक.

लेड-अ‍ॅसिडवर जो ७ एएच छापलेला असतो तो २० तासांच्या हिशोबाने असतो. म्हणजे ०.३५ अँपिअर सावकाश खेचत तिला १०.५ व्होल्टपर्यंत पार पिळून काढली तर ७. तिला वर्षानुवर्षं टिकवायची तर निम्म्याच्या खाली नेऊ नये. निम्मं म्हणजे साडेतीन. तुम्ही पहिल्या दिवसापासून तिला अगदी काठावर चालवत होतात.

आता खरं सांगा, पाण्यावरून आल्यावर चार्ज कधी करता?

वल्हेवाला:

खरं सांगायचं तर पुढच्या वेळी जायच्या आदल्या रात्री. मधे कधी तीन आठवडे जातात, पावसात दोन-तीन महिनेही. तोवर ती कयाकच्या पोटातच असते.

पाणकावळा:

झालं की निदान. लेड-अ‍ॅसिड अर्धवट रिकामी ठेवली की प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे धरतात आणि ते नंतर चार्जिंगने विरघळत नाहीत. क्षमता घटते, आतला रोध वाढतो. रोध वाढला की लोड येताच व्होल्टेज कोसळतं, १० च्या खाली गेलं की यंत्र बंद, यंत्र बंद झालं की लोड गेला म्हणून व्होल्टेज परत वर, यंत्र परत सुरू. तुमचा तीन वेळा दिसलेला लोगो तो हाच. या जातीची बॅटरी काठावर उतरल्याच दिवशी पूर्ण भरून ठेवायची, त्याला पर्याय नाही.

मोटरसायकलची फुकट मिळाली तरी घेऊ नका. ती दोन सेकंद जोरात करंट देऊन इंजिन उठवायला बनवलेली असते, प्लेटा पातळ. रोज सावकाश रिकामी केलीत तर आणखी लवकर मरेल. आणि ती सीलबंद नसेल तर कयाक कलंडताच अ‍ॅसिड तुमच्या मांडीवर.

तारजोड्या:

बॅटरीला सगळं पाप चिकटवू नका, जोडण्या बघा. यंत्र चालू असताना आधी बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट मोजा, मग यंत्राच्या प्लगपाशी. साध्या १८ गेजच्या वायरचा रोध मीटरमागे ०.०२ ओहमच्या आसपास असतो. दीड मीटर जायचं, दीड मीटर यायचं, ०.६ अँपिअर: सगळं मिळून ०.०४ व्होल्टसुद्धा पडत नाही. तुम्हाला ०.२ च्या वर फरक दिसला तर कुठेतरी जोड सडलाय. ७ एएचच्या बॅटरीला चपट्या पत्तीचे टर्मिनल असतात, त्यावर सरकवायची क्लिप सैल होते आणि ओल धरते. क्लिप काढून आत बघा, हिरवं दिसेल.

वल्हेवाला:

तारजोड्या, तुम्ही कुठे बसून बघताय का? फरक निघाला अर्धा व्होल्ट! मायनसची क्लिप काढली तर आतून मोरचूद घातल्यासारखी हिरवीगार, आणि तिला धरलेली तार सात-आठ केसांवर लटकत होती. बाकीचे केस इन्सुलेशनच्या आत काळे पडून तुटलेले. नवी क्लिप लावून परत चाचणी घेतली तर तीन तास चाळीस मिनिटं चाललं. पण सात तास काही नाही. बॅटरी बदलायचीच आहे.

खाडीकाठ:

लिथियमच्या भीतीबद्दल थोडं लिहितो, कारण मीही त्याच भीतीपायी एक वर्ष घालवलं.

लिथियम ही एक वस्तू नाही, जाती आहेत. तुम्हाला हवी ती लिथियम आयर्न फॉस्फेट. एक सेल ३.२ व्होल्टचा, चार ओळीने जोडले की १२.८. ही रसायनाने शांत आहे, मोबाइल-लॅपटॉपमधल्या सेलइतकी सहज भडकत नाही. मोबाइलच्या जातीचे सेल ३.७ व्होल्टचे. त्यातले तीन जोडून '१२ व्होल्ट' म्हणून विकतात ती बॅटरी भरलेली असताना १२.६ आणि संपताना ९. तुमचं यंत्र १० ला झोपणार, म्हणजे शेवटचा घोट बाटलीतच राहणार. चार जोडले तर भरताना १६.८. तुमच्या १७ च्या मर्यादेला नाक लावून उभी. मी तरी तसली लावणार नाही.

फॉस्फेटची मजा अशी की ती जवळजवळ शेवटपर्यंत १३ व्होल्टच्या आसपास सरळ रेषेत चालते. तोटाही तोच. यंत्राच्या कोपऱ्यातला बॅटरीचा आकडा निरुपयोगी होतो, १३.१ बघून तुम्ही खुशीत असता आणि काही वेळाने आतला बीएमएस (बॅटरीची राखण करणारं सर्किट) झटकन दार लावतो. लेड-अ‍ॅसिडसारखी कुरकुर करून सूचना नाही. म्हणून तासांवर लक्ष ठेवायचं.

चार्जर तिचाच घ्या, १४.६ व्होल्टवर थांबणारा. जुन्या लेड-अ‍ॅसिड चार्जरमध्ये सल्फेट फोडायचा मोड असेल तर तो हिला घातक. गोठणबिंदूखालच्या थंडीत चार्ज करायची नाही, वापरलेली चालते. आणि तुमच्यासारख्या विसराळू माणसासाठी सगळ्यात मोठी गोष्ट, अर्धवट भरलेली महिनाभर पडली तरी हिचं काही बिघडत नाही. उलट दीर्घकाळ ठेवायची तर निम्मी भरलेलीच बरी.

निवांत:

मी जरा उलट बोलतो. तुमची भूक साडेतीन एएच असेल आणि घरी येताच चार्जिंगला लावायची शिस्त लागली तर ९ एएचची साधी लेड-अ‍ॅसिड वर्षानुवर्षं पुरेल. मी तेच वापरतो. अडीच-पावणेतीन किलोला घाबरायचं तर मासा लागल्यावर काय करणार?

पॉवर बँकचा नाद मी केलाय. तिच्या ५ व्होल्टचे १२ करणारी वायर लावली. यंत्र चाललं, पण पडद्यावर वरपासून खालपर्यंत ठिपक्यांचा पाऊस. संवेदनशीलता वाढवली की पाऊस दाट, कमी केली की मासेही गायब. ते व्होल्ट वाढवणारं सर्किट सतत उघडझाप करतं, त्याचा कचरा सोनारच्या सिग्नलमध्ये मिसळतो.

वल्हेवाला:

निवांत, शिस्तीचं म्हणालात तिथेच माझी विकेट पडली. दोन वर्षांचा अनुभव आहे स्वतःचा.

फॉस्फेटवर मन बसलंय. आता २० एएच घेऊ का? एकदाच काय ते होऊन जाईल.

पाणकावळा:

कशाला? साडेतीन भागिले ०.८ केलंत तर ४.४. शेवटचे २० टक्के हातचे राखून हा आकडा आलाय. ७ एएचची भरपूर झाली, थंडी आणि पुढच्या काही वर्षांची झीज धरूनसुद्धा. २० एएच घेऊन तुम्ही दोन-अडीच किलो वाहणार आणि त्यातलं निम्म्याहून जास्त न वापरता परत आणणार. उद्या नऊ इंची पडदा किंवा लाइव्ह सोनार (माशांची हालचाल त्याच क्षणी दाखवणारा) घ्यायचा विचार असेल तर गोष्ट वेगळी, ती यंत्रं कित्येक पट खातात. तेव्हा परत मोजा आणि परत धागा काढा.

शिवाय ७ एएचची फॉस्फेट तुमच्या जुन्या बॅटरीच्याच मापात मिळते, १५१ बाय ६५ बाय ९४ मिलिमीटर. बॅटरी ठेवायचा डबा बदलायला नको. वजन सव्वादोन किलोच्या जागी किलोच्या आतबाहेर.

तारजोड्या:

फ्यूज प्लसच्या वायरवर, बॅटरीला जितका जवळ लावता येईल तितका. मधे कुठे वायर घासून शॉर्ट झाली तर फ्यूजच्या अलीकडचा तुकडा राखणीशिवाय असतो, म्हणून तो वीतभरच ठेवायचा. किती अँपिअरचा ते पुस्तिकेत असतं, या मापाच्या यंत्रांना बहुधा ३ चा. क्लिपवर उष्णतेने आकसणारी नळी चढवा, आत थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओल रोखणारं, वीज न वाहू देणारं). खाऱ्या पाण्यात जात असाल तर कथिलाचा मुलामा दिलेली वायर घ्या, साधं तांबं तुमच्यासारखं आतून काळं पडतं.

बॅटरी पट्ट्याने जखडा. बुडाशी, सीटच्या मागे, मध्यरेषेवर. कयाक उलटली तर एक किलोचा सुटा दगड आतून ठोसे मारत फिरतो. वायर डब्याबाहेर काढायला ग्लँड (वायरभोवती घट्ट बसणारी, पाणी रोखणारी जोडणी) लावा, नुसतं भोक पाडून सिलिकॉन थापू नका.

अवांतर: जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका. आत शिसं आणि अ‍ॅसिड आहे, बॅटरीवाले परत घेतात.

वल्हेवाला:

उशिरा अपडेट देतोय, माफी.

७ एएचची फॉस्फेट आणली, फ्यूज बॅटरीपासून चार बोटांवर, क्लिपा नव्या, डबा तोच. काल पहाटे सहा ते पावणेएक पाण्यात होतो. व्होल्टेज सुरुवातीला १३.३, निघताना १३.०. एकदाही लोगो दिसला नाही. घरी आल्या आल्या चार्जिंगला लावली, गरज नसताना. सवय लागावी म्हणून.

अर्थात पहिल्यांदा त्याच बुडालेल्या झाडावर गेलो. तळ १८ फूट, तीन जाड कमानी जागच्या जागी. अडीच तास वेगवेगळी आमिषं दाखवली, कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग वल्हं मारून त्यावरून चार वेळा आडवा-उभा गेलो, पडदा पूर्ण वेळ चालू. दरवेळी त्याच तीन कमानी, त्याच खोलीवर, एकमेकींपासून तेवढ्याच अंतरावर.

फांद्या होत्या हो.